जॉइंटवाल्या बाई

काँक्रीटच्या रस्त्यावर चाकाखाली 'ठक्' झालं की माझा पाय आजही ब्रेककडे जातो. मागं बाई बसल्यात आणि आता पाठीत धपाटा बसणार, असं वाटतं. "थांब! थांब की रं! सांधा गेलाय इथं!" असं ओरडून त्या चालत्या स्कूटरवरून उतरायला बघायच्या. मग साडी सावरत भर रस्त्यात उकिडव्या बसायच्या, दोन स्लॅबमधल्या फटीत पर्समधली पट्टी घालायच्या आणि मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत असताना मला सांगायच्या, "बघ, ही कड वर, ती कड खाली. आत सळीच घातलेली न्हाय. चोर लेकाचे!"

ट्रकवाल्यांना वाटायचं, बाईंचं काहीतरी सोन्याचं पडलंय. एकदा एक ड्रायव्हर खरंच उतरून शोधू लागला. बाईंनी त्यालाही सांधा समजावून सांगितला. तो बिचारा 'व्हय बाई, व्हय बाई' करत ऐकत राहिला आणि मागं गाड्यांची रांग लागली.

मी आणि बाई कोल्हापूरच्या एका तंत्रनिकेतनात सिव्हिल विभागात शिकवायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी तिशीला आलेलो, त्या पंचेचाळिशीला. पोरं त्यांना 'जॉइंटवाल्या बाई' म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. 'मॅडम' मात्र खपत नसे. "मॅडम असत्यात पुण्याला. मला बाई म्हण." मंगळवार पेठेत वाढलेल्या, तिथल्या बायका बोलतात तशा 'मी येतो, मी जातो' असंच वर्गातसुद्धा बोलायच्या. तपासणीला समिती आली की एकदम शुद्ध बोलायला लागायच्या, पण दुसऱ्याच्या चपला घातल्यासारख्या अडखळायच्या. शेवटी समितीलाच सांगायच्या, "जाऊ दे, मी आपला माझ्या भाषेत सांगतो."

त्यांचे वडील रस्त्याच्या कामावर डांबराची पिंपं ढवळायचे. बाईंच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वडिलांचा एकच फोटो होता, हातात डांबराचा डाव घेतलेला. "माझं पहिलं पुस्तक हे," असं फोटोकडं बोट दाखवून त्या सांगायच्या, आणि लगेच, "पण डांबरात मजा न्हाय. मजा काँक्रीटमधी."

ही मजा काय, ते सांगायला हवं, नाहीतर बाई कळणार नाहीत. काँक्रीट दिसतं मेल्यासारखं, पण उन्हात ते फुगतं आणि थंडीत आकसतं. मोठं अंगण एकसंध टाकलं तर ते फुगायला जागा शोधतं, मिळाली नाही की उचकटतं, आकसताना तडकतं. म्हणून त्याचे तुकडे करायचे आणि मधे फट ठेवायची. पण नुसती फट ठेवली तर चाक आलं की एक तुकडा खाली दबतो, दुसरा वर राहतो, आणि कडा फुटतात. म्हणून दोघांच्या मधे गुळगुळीत सळ्या घालायच्या. सळीचं अर्धं अंग एका तुकड्यात घट्ट रुतलेलं, अर्धं दुसऱ्यात तेल लावून मोकळं. म्हणजे तुकडे जवळ-लांब होतील, वर-खाली होणार नाहीत.

हे बाई वर्गात कशा शिकवायच्या? हिवाळ्यात स्वेटर घातलेला एक पोरगा पुढं बोलवायच्या, आणि दुसऱ्याला सांगायच्या, "घाल हात त्याच्या बाहीत. कोपरापर्यंत घाल, लाजतोस काय!" मग दोघांना पुढं-मागं सरकायला लावायच्या. हात बाहीत सरकायचा. मग एकाला खांद्यावर जोर देऊन खाली दाबायच्या, की दुसरा आपोआप वाकायचा. "दिसलं? सरकतंय, पण एकटं बुडत न्हाय!" हे सांगताना त्यांचा आवाज शेजारच्या मेकॅनिकलच्या वर्गात जायचा. तिथले सर दार लावून घ्यायचे. बाई जाऊन ते दार उघडायच्या आणि सांगायच्या, "तुमची पोरं पण येऊ द्या की बघायला."

घरी गेलं तर सगळीकडं फटी. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर. खिडक्या सैल. ताटात भात आणि भाजीच्या मधे मोकळी जागा. वाढणाऱ्यानं ती बुजवली तर त्या बोटानं परत करायच्या. त्यांचे यजमान एसटीत होते, शांत माणूस. मला एकदा हळूच म्हणाले, "हिवाळ्यात आमच्याकडं घरात मफलर घालून झोपावं लागतंय. खिडक्यांना फुगायला जागा ठेवलीया न्हवं."

बाई स्वतः कमालीच्या भांडखोर होत्या, हेही लिहिलं पाहिजे. पेपर वेळेवर तपासायच्या नाहीत. दुसऱ्याचं वाक्य कधी पूर्ण होऊ द्यायच्या नाहीत. चूक झाली तर कबूल करायच्या, पण इतक्या मोठ्यानं की समोरच्यालाच आपण चुकलो असं वाटावं.

माझं उलटं होतं. मी चंदगडकडचा. थोरला भाऊ आणि आई गावी भात-काजूत राबायची आणि मी कोल्हापुरात पंख्याखाली उभा राहून खडूनं रेघा मारायचो. मला कुठं जरा बरं वाटलं की लगेच वाटायचं, हे कुणाच्या तरी वाट्याचं घेतलं आपण. चहा चांगला झाला तरी वाटायचं. अजूनही वाटतं, बायको आता त्याकडं लक्ष देत नाही. बाईंना मात्र ते सहन व्हायचं नाही. "तुझ्या आईनं मला निरोप धाडला न्हाय की पोराला दुःखात ठेवा म्हणून," असं त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "चल, मीच विचारून येतो," आणि ऐन पावसाळ्यात माझ्याबरोबर चंदगडच्या एसटीत बसल्या.

घरी पोचलो तर दार पावसानं फुगून अडकलेलं. भाऊ आतून लाथा घालत होता, आम्ही बाहेरून ढकलत होतो. दार उघडल्यावर बाईंनी आईला नमस्कारसुद्धा केला नाही. "रंधा हाय का?" चहा होईपर्यंत त्यांनी भावाकडून दाराची कड तासून घेतली. दार हलकं फिरू लागलं. आई फार खूश. मग उन्हाळा आला, लाकूड आकसलं आणि फट एवढी मोठी झाली की मांजर दार न उघडता ये-जा करू लागलं. आई मला म्हणाली, "तुझ्या बाई आल्या आणि मांजराला वेगळं दार करून गेल्या." मी हे बाईंना सांगितलं, तर त्या टाळी वाजवून हसल्या. "माझा हिशोब चुकला! लाकूड ओलं असताना तासायचं नसतंय! सांग आईला, मी गाढव हाय!" आईला हा निरोप कसा द्यावा, हे मला कळेना. मी दिलाच नाही.

पण या बाईंची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फळ्यावर त्यांनी हजारदा काढलेला सांधा जमिनीत मात्र एकदाही घातलेला नव्हता. कामं मिळायची ती पुरुष इंजिनिअरांना. बाई शिकवणाऱ्या. "आपली पोरं जाऊन सांधे घालत्यात, मी इथं खडू खातोय," असं त्या एकदा डबा उघडता उघडता म्हणाल्या, हसतच. पण डबा तसाच बंद करून ठेवला.

म्हणून राधानगरी रस्त्यावरच्या एका दूध संस्थेनं अंगणाचं काम आमच्या विभागाकडं मागितलं, तेव्हा बाई प्राचार्यांच्या खोलीत अशा शिरल्या की प्राचार्य उठून उभेच राहिले. संस्थेचं जुनं अंगण एकसंध टाकलेलं होतं. दोन उन्हाळ्यांत त्याची कड उचलली, टँकर आपटू लागले आणि एकदा दुधाच्या कॅनची गाडीच कलंडली. आता नवीन करायचं होतं. आधी मागचं छोटं अंगण आणि ते जमलं तर फाटकाकडचं मोठं. काम बाईंना मिळालं. मदतीला मी. बाहेर पडल्यावर व्हरांड्यात त्यांनी माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. दोन स्लॅबच्या मधे डांबर लावलेला मऊ बोर्ड उभा करायचा, त्याच्या भोकांतून अंगठ्याएवढ्या जाड सळ्या आरपार घालायच्या आणि दोन्हीकडं काँक्रीट ओतायचं. सळीच्या मोकळ्या टोकाला सरकायला जागा पाहिजे, म्हणून त्यावर टोपी लागते. बाईंनी पेठेतल्या सगळ्या सायकल दुकानांतून हँडलच्या जुन्या रबरी मुठी गोळा केल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तळाशी कापूस भरला होता. आदल्या दिवशी विभागातल्या पोरांनी सगळ्या सळ्या बोर्डांतून ओवून ठेवल्या.

ओतकामाच्या दिवशी आम्ही सकाळी पोचलो, तेव्हा नारळ फुटला होता, मिक्सर घरघरत होता, एका कडेला आचाऱ्यानं चूल पेटवली होती. स्लॅबच्या दिवशी मटण ठरलेलं. बाई नवी साडी नेसून आलेल्या, वर पदर खोचलेला. पिशवीतली पहिली मूठ काढून सळीला बसवायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. सळीचं टोक गोल वळवलेलं होतं. पुढच्या सळीचंही. सगळ्यांचं. दोन्ही बाजूंनी.

"कल्लाप्पा!"

कल्लाप्पा हा सळ्या बांधणारा मुख्य कारागीर. सीमेपलीकडं कर्नाटकात सासुरवाडी असलेला, मिशीला पीळ भरणारा, स्वतःवर फार खूश माणूस.

"काय, अक्का?"

"हे काय?"

"आकडं."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? तुमच्या पोरांनी सरळच सोडल्यात्या सळ्या. काल सांजंला मी आणि माझ्या माणसांनी बसून एकूण एक वळवली. जास्तीचं काय मागत न्हाय मी त्याचं."

"अरं बाबा, ही सळी सरकाय पायजे!"

कल्लाप्पाचा चेहरा पडला. "माझी सळी? सरकणार? अक्का, मिसरूड फुटल्यापासनं सळ्या बांधतोय. माझ्या हातची सळी अजून कुठं सरकलेली न्हाय. बिनआकड्याची सळी सोडली तर आमच्या माणसांत तोंड दावाय जागा उरंल का मला?"

त्याचं खोटं नव्हतं. बाकी सगळ्या कामात सळी काँक्रीटमधून सुटू नये म्हणून टोकाला आकडा लागतोच. आकडा नाही म्हणजे कामचुकार. पण इथं आकडा राहिला असता तर दोन्ही स्लॅब एकमेकांना जखडून बसले असते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात अंगण फुटलं असतं.

"मिक्सर बंद करा," बाई म्हणाल्या.

ते ऐकून चेअरमन आले. सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, तोंडात पान. "बाई, मिक्सर बंद झाला की माणसं उसाला जात्यात. परत गोळा हुईत न्हाईत. आज काँक्रीट पडलं न्हाय तर उद्या मी आमच्या नेहमीच्या गवंड्याला बोलावतो. त्यो एका दमात सगळं सपाट करून देतोय. त्याला सायकलच्या मुठी लागत न्हाईत."

माणसं हसली. बाई एका सळीजवळ बसल्या. आकड्यावर बोट फिरवत होत्या. मग एकदम उठल्या आणि अशी टाळी वाजवली की आचारी दचकला.

"एका बाजूचा राहू दे! कल्लाप्पा, ह्या स्लॅबात सळी घट्टच पायजे. तिथं तुझा आकडा राहू दे, त्याच्याहून घट्ट कोण धरणार? पलीकडचा तेवढा काप."

"आखूड हुईल की सळी."

"वीतभर जास्तीच्याच मागिवल्यात. माझा कुणावर भरवसा न्हाय, माझ्यावर पण न्हाय."

कल्लाप्पानं मिशी चाचपली. "म्हंजे अर्धी सळी माझी, अर्धी तुमची?"

"व्हय."

"मग चालतंय. आण रं करवती!"

त्यानंतर जे झालं ते आठवलं तरी अंगात वीज येते. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून, सायकलवाल्याकडून, टँकरच्या पेटीतून, मिळतील तेवढ्या लोखंड कापायच्या करवती आल्या. कल्लाप्पा कापत होता, त्याची माणसं कापत होती, टँकरचा ड्रायव्हर कापत होता, मी कापत होतो. ब्लेडं तटातट तुटत होती. आबा थोडा वेळ उभे राहिले, मग पान थुंकून आले, बाह्या वर केल्या आणि "हं, दे इकडं" म्हणून माझ्या हातातली करवत घेतली. बाई कानस घेऊन मागोमाग येत कापलेली टोकं गुळगुळीत करत होत्या आणि ओरडत होत्या, "टोचणारी कूस ठेवू नका! बाळाच्या गालासारखं पायजे!"

सळ्या तयार झाल्या, तर ग्रीसचा डबा रिकामा. कुणीतरी तो सकाळीच मिक्सरला फासला होता. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ चुलीकडं गेल्या. आचाऱ्याच्या हातातला वनस्पती तुपाचा डबा काढून घेतला.

"ओ बाई! पुऱ्या कशात तळू?"

"भाकरी थाप!"

तुपाचे हात सगळ्या सळ्यांवर फिरले, मुठी बसल्या. मटणाच्या वासानं आलेली दोन कुत्री सळ्या चाटायला लागली, तेव्हा पहाऱ्यावर आबा स्वतः टोपी हातात घेऊन उभे राहिले. मिक्सर परत सुरू झाला. पहिली घमेली पडली तेव्हा बाई कडेला उभ्या राहून प्रत्येक घमेल्याला "सावकाश, सावकाश, सळीवर न्हाय" म्हणत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. त्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं.

त्याच दिवशी गावी मळणी होती. भावाला मी येतो म्हणून कळवलं होतं. ते मला संध्याकाळी, भाकरीचा शेवटचा घास तोंडात असताना आठवलं. एवढा वेळ आठवलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटायला हवं होतं. मी प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

अंगण झालं. पण संस्थेच्या लोकांना सांध्यातल्या डांबराच्या काळ्या रेघा पसंत पडल्या नाहीत. "नव्या धोतराला ठिगळं लावल्यागत दिसतंय," असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. फाटकाकडचं मोठं अंगण गवंड्याकडून एकसंध करून घ्यावं, असं बहुतेकांचं मत पडलं. आबा बाईंना म्हणाले, "तुम्ही म्हणता हलतंय. आम्हाला तर कुठं हलल्यालं दिसत न्हाय. दाखवा, आणि मोठं अंगण घ्या."

आता काँक्रीटचं हलणं हे केसाच्या जाडीचं काम. ते डोळ्यांना दिसत नाही. घरी परतताना बाई माझ्या स्कूटरवर मागं बसल्या होत्या. वाटेत एक सांधा ठक् करून गेला तरी थांबवलं नाही.

फेब्रुवारीत, पहाटे गारठा आणि दुपारी कडक ऊन असतं त्या दिवसांत, त्यांनी मला उजाडायच्या आधी उठवून संस्थेच्या अंगणात नेलं. पिशवीत काचेच्या पट्ट्या होत्या आणि प्लॅस्टर. एक पट्टी त्यांनी सांध्यावर आडवी ठेवली, एक टोक या स्लॅबवर, एक त्या स्लॅबवर, दोन्ही टोकं प्लॅस्टरनं घट्ट चिकटवली. तशीच दुसरी पट्टी स्लॅबच्या मधोमध, जिथं सांधा नाही तिथं. आबा आणि संस्थेची माणसं दूध संकलन उरकून आली, तेव्हा बाईंनी सांगितलं, "सांध्यावरची फुटली तर मी बरोबर. मधली फुटली तर मी चूक, आणि मोठं अंगण गवंड्याचं. दोन्ही शाबूत राहिल्या, तरी गवंड्याचंच."

ऊन चढू लागलं. माणसं काचेभोवती गोल बसली. चहा आला, संपला. कुणी म्हणालं, "काच लई जाड आणली वाटतं." कुणी उठून गेलं. कल्लाप्पा मोठं काम मिळेल या आशेनं आला होता. तो कान जमिनीला लावून आडवा झाला. काच तशीच. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता काही होत नाही. मला माझ्या भावाची, आईची, मळणीची, कशाचीच आठवण नव्हती. मी फक्त त्या काचेला मनातल्या मनात 'फूट, फूट' म्हणत होतो. आबा घड्याळ बघून उठू लागले.

टिच्!

बारीकसा आवाज. सांध्यावरच्या काचेवर एक रेघ, आणि बघता बघता तिच्या फुटलेल्या कडा एकमेकींवर चढल्या.

"फुटली!" कल्लाप्पा ओरडला. "अक्का, फुटली की ओ!"

काच फुटली म्हणून एवढी माणसं टाळ्या वाजवताना मी आयुष्यात एकदाच पाहिली. "दुसरी बघा! मधली बघा!" बाई लोकांना ढकलत होत्या. मधली काच उन्हात अखंड चकाकत होती. आबा तिच्यापुढं उकिडवे बसले, बोटानं टिचकी मारून बघितली, परत सांध्याकडं आले, परत मधल्या काचेकडं गेले. मग म्हणाले, "घ्या बाई, फाटकाकडचं अंगण तुमचं."

बाईंनी चपला काढल्या. एक पाय सांध्याच्या या बाजूला ठेवला, एक त्या बाजूला, आणि डोळे मिटले. मीही तसाच उभा राहिलो. मग कल्लाप्पा, मग ड्रायव्हर, मग एकेक करून संस्थेची सगळी माणसं, भर उन्हात, भाजणाऱ्या काँक्रीटवर अनवाणी, एक पाय इकडं एक पाय तिकडं.

"कळतंय," आबा डोळे मिटून गंभीरपणे म्हणाले. "सरकाय लागलंय."

"खोटं बोलू नका, आबा," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ते कुणालाच कळत न्हाय. मला पण न्हाय."